पहिलं गाणं घरीच रेकॉर्ड करायचंय? मग ब्लूटूथ आधी काढून ठेवा

दर थोड्या दिवसांनी कुणीतरी मला विचारतं, "गाणं रेकॉर्ड करायचंय, माइक कुठला घेऊ?" आणि मी दरवेळी उलट विचारते की बाबा, शेवटचं गाणं पूर्ण कधी केलं होतंस? पलीकडे शांतता. फोनमध्ये वीस-पंचवीस मुखडे पडलेत, गुणगुणून ठेवलेल्या चाली आहेत, पूर्ण झालेलं गाणं मात्र एकही नाही. हसत नाहीये हां, माझंही चारपाच वर्षं अगदी हेच चाललं होतं.

कारण सोपं आहे. पूर्वी स्टुडिओ तासावर मिळायचा आणि टेपवर ट्रॅक मोजके असायचे. १९७९ मध्ये कॅसेटवर चालणारं पोर्टास्टुडिओ नावाचं यंत्र आलं, त्यात फक्त चार ट्रॅक, आणि घरी बसून चार थर रेकॉर्ड करता येतात हीच तेव्हा केवढी मोठी गोष्ट होती. आता फुकटातल्या सॉफ्टवेअरमध्येसुद्धा ट्रॅक संपता संपत नाहीत, टेक (म्हणजे गाऊन बघायचा एकेक प्रयत्न) कितीही घ्या, चुकलं की अनडू. मग होतं काय, तर ते कधी संपतच नाही, आपण आज रिव्हर्ब, म्हणजे आवाजातला घुमारा बदलतो, उद्या ड्रमचा आवाज बदलतो, परवा वाटतं आपली पट्टीच चुकली. त्यामुळे या लेखात जे काही सांगतेय त्याला एकच अट आहे. एक गाणं, जास्तीत जास्त चार ट्रॅक, आणि ज्या दिवशी ते पाच लोकांना पाठवायचं ती तारीख आजच लिहून ठेवायची. मी स्वतःला तीन रविवार देते. तुम्ही चार घ्या, पण चारच.

सामान काय लागतं

फोन चालतो. खरंच चालतो, पहिल्या गाण्याला तर नक्कीच. फोनच्या रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये जाऊन लॉसलेस किंवा वेव्ह (आवाज न दाबता पूर्ण साठवणारा) असा पर्याय दिसला तर तो घ्या, आवाज सुधारणारं किंवा गोंगाट घालवणारं काही आपोआप चालू असेल तर ते बंद करा (ते बोलण्यासाठी बनवलेलं असतं, लांब सूर लावला की त्याला तो पंख्याचा आवाज वाटतो आणि ते मधूनच खाऊन टाकतं), आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर सगळ्यात चांगल्या टेकमध्ये हमखास फोन वाजतो.

लॅपटॉप असेल तर ऑडॅसिटी फुकट आहे, २००० सालापासून आहे, नुसता आवाज रेकॉर्ड करून कापाकापी करायला मस्त. ॲपलचं काही घरात असेल तर गॅरेजबँड त्यात फुकटच मिळतं. बँडलॅब ब्राउझरमध्ये आणि फोनवर दोन्हीकडे चालतं आणि दुसऱ्या गावातल्या मित्राबरोबर एकाच प्रोजेक्टवर काम करता येतं. रीपर साठ दिवस पूर्ण वापरून बघता येतं. या प्रकारच्या सॉफ्टवेअरला लोक डीएडब्ल्यू म्हणतात, बोलताना डॉ म्हणतात, त्यामुळे कुणी "मी डॉ बदलला" म्हणालं तर तब्येतीची चौकशी करू नका. कुठलंही एक घ्या आणि वर्षभर बदलू नका. सगळ्यात एकच काम होतं, बटणं फक्त वेगळीकडे असतात.

आणि वायरवाला इअरफोन. ही वस्तू माझ्या मते माइकच्याही आधी येते, का ते पुढे सांगते.

खोली आधी, माइक नंतर

खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीनंतर "ट्रिंग" असा बारीक धातूसारखा थरथराट ऐकू आला तर ती खोली गाणं रेकॉर्ड करायला वाईट. उघड्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाज टप्पे खातो, तो थरथराट माइकमध्ये आवाजाबरोबर जाऊन बसतो आणि नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने धड निघत नाही. महागड्या माइकने तर उलट तो जास्तच स्पष्ट ऐकू येतो, हे लोकांना पैसे गेल्यावर कळतं.

उपाय काय, तर कपड्यांचं कपाट. दारं उघडायची, आतले कपडे दाटीने लटकलेले हवेत, कपड्यांकडे पाठ करून उभं राहायचं आणि माइक समोर धरायचा. हे ऐकून लोकांना उलटं वाटतं, पण माइक जिकडे तोंड करून ऐकतो तिकडे, म्हणजे तुमच्या मागे, मऊ काहीतरी पाहिजे. बाजूला दोन खुर्च्यांवर रजया टाकल्या की झालं. भिंतीवर चिकटवायचे ते पातळ फोमचे चौकोन घेऊ नका, त्याने वरचे आवाज थोडे दबतात पण खालचे जसेच्या तसे राहतात, कारण १०० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, तिला दोन सेंटीमीटरचा फोम काय अडवणार!

माइक तोंडापासून साधारण एक वीत, आणि बरोबर समोर नको, थोडा बाजूला. आपल्या भाषेत फ, भ, ख, ध ही मंडळी हवेचा झोत घेऊन येतात आणि माइकवर "धप्प" असा ठोका बसतो. "भरून" हा शब्द मी एकदा सोळा वेळा गायलेय, सोळाही वेळा धप्प. शेवटी माइक दोन बोटं बाजूला सरकवला आणि पहिल्याच टेकमध्ये सुटलं. फार जवळही जाऊ नका, बहुतेक गाण्याचे माइक जवळ गेलं की खर्ज फुगवतात, रेडिओवाल्यांना ते आवडतं, गाण्यात चिखल होतो.

लेव्हलचं थोडक्यात. सगळ्यात मोठ्याने जिथे गाणार तो भाग गाऊन बघा आणि काटा तेव्हा वजा १२ ते वजा ६ डेसिबलच्या आसपास राहील असं ठेवा. डिजिटलमध्ये शून्य म्हणजे छत, त्याच्यावर जे जातं ते कापलं जातं, नंतर आवाज कमी केला तरी कापलेलं परत येत नाही. २४ बिटवर रेकॉर्ड करा म्हणजे हळू रेकॉर्ड झालं तरी नंतर वाढवता येतं. सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, म्हणजे मोजमापं, घ्यायची की ४८,००० यावर लोक रात्र रात्र भांडतात. आपल्या कानाला फार तर २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, त्याच्या दुपटीहून थोडे जास्त नमुने घेतले की काम भागतं, म्हणून १९८२ मध्ये सीडी आली ती ४४,१०० वर. व्हिडिओ करणार असाल तर ४८ ठेवा, विषय संपला.

आता ब्लूटूथची कथा

एका रात्री मला तीन थरांचं काहीतरी करायचं होतं, म्हणजे मूळ आवाज, त्यावर दुसरा सूर, त्यावर तिसरा. कानात नवेकोरे वायरलेस इअरफोन. पहिला थर क्लिकवर, म्हणजे लय धरायला वाजणाऱ्या टिकटिकीवर गायले. क्लिक बंद केली, कारण त्रास होत होता, आणि पहिला थर ऐकत दुसरा गायले. दुसरा ऐकत तिसरा. गाताना सगळं झकास! मग तिन्ही एकत्र लावले तर असं वाटलं की तीन माणसं एकाच जिन्यावरून एकामागोमाग गडगडत येतायत. मला वाटलं आपला तालच गेला. रात्री दीड वाजेपर्यंत परत परत गात बसले, तेच, दुसऱ्या दिवशी पण तेच.

झालं होतं असं की ब्लूटूथला आवाज बारीक करून, पाठवून, परत उलगडून कानात सोडायला वेळ लागतो, साधारण दीडशे-दोनशे मिलिसेकंद, काही इअरफोनमध्ये त्याहून जास्त. आवाज हवेतून सेकंदाला ३४३ मीटरच्या आसपास जातो, म्हणजे २०० मिलिसेकंद उशीर म्हणजे जवळजवळ सत्तर मीटर लांब बसलेल्या तबलजीच्या ठेक्यावर गाणं. मी क्लिक उशिरा ऐकत होते म्हणून उशिरा गात होते, दुसरा थर त्या उशिराच्याही उशिरा, तिसरा त्याच्याही. मिनिटाला १२० ची लय असेल तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे तिसऱ्या थरापर्यंत मी एका मात्रेपेक्षा जास्त मागे गेले होते. ताल गेला नव्हता, वायर गेली होती :)

वायर लावल्यावरही थोडा उशीर असतोच, तो बफर नावाच्या सेटिंगमध्ये दडलेला असतो. कॉम्प्युटर आवाजाचे नमुने एकेक करून हाताळत नाही, ओंजळ भरेपर्यंत थांबतो. ४८,००० वर १२८ नमुन्यांची ओंजळ म्हणजे २.७ मिलिसेकंद, १०२४ ची म्हणजे २१, आणि ते येताना एकदा जाताना एकदा. गाताना बफर १२८ किंवा २५६ ठेवा, आवाजात कडकड आली तर एक पायरी वाढवा, मिक्स करताना, म्हणजे सगळे थर एकत्र बसवताना, खुशाल १०२४ करा. पुढे कधी इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) घेतलात तर त्यावर डायरेक्ट मॉनिटर असं बटण असतं का बघा, त्याने तुमचा आवाज कॉम्प्युटरची वारी न करता थेट कानात येतो.

तपासायचं कसं? क्लिक लावा, इअरफोन माइकला चिकटवा, म्हणजे क्लिकच परत रेकॉर्ड होईल, आणि मग दोन्ही लाटा मोठ्या करून एकाखाली एक बघा. नवी लाट जितकी उजवीकडे सरकलेली तितका तुमचा उशीर. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये हा आकडा टाकायची जागा असते, एकदा टाकला की रेकॉर्डिंग आपोआप तेवढं मागे सरकतं.

थर कसे लावायचे

पहिला थर कच्चा गायचा. क्लिक किंवा साधा ठेका लावायचा आणि पूर्ण गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा गाऊन टाकायचं, खोकला आला तरी थांबायचं नाही. हा टेक शेवटी फेकायचाच आहे, पण त्याने गाण्याचा सांगाडा उभा राहतो आणि तुम्हाला पहिल्या दिवशीच कळतं की दुसरं कडवं नकोय. मग वाद्य, मग खरा आवाज, मग चौथा थर काय लागेल तो. ज्या गाण्याला मुळात लयीचं बंधन नको आहे, आलापासारखं काही आहे, त्याला क्लिक लावू नका, नुसता तंबोरा लावा. तंबोऱ्याची ॲप्स ढीगभर आहेत, पट्टी आधी जुळवा, आणि तुमच्या पेटीची पट्टी ॲपशी खरंच जुळते का तेही ट्यूनरवर बघा, जुन्या पेट्या ४४० हर्ट्झच्या आजच्या मापावर असतीलच असं नाही.

पेटी वाजवता येत नसेल किंवा दुसरं कुठलं वाद्य कॉम्प्युटरमधूनच वाजवायचं असेल तर मिडी. मिडीत आवाज नसतोच, नुसत्या सूचना असतात, कुठली पट्टी दाबली, कधी सोडली, किती जोराने दाबली, आणि तो जोर ० ते १२७ या आकड्यांत. १९८३ पासून हीच भाषा सगळी यंत्रं बोलतात. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलावीत म्हणून इलेक्ट्रॉनिक वाद्यं बनवणाऱ्या इकुतारो काकेहाशी आणि डेव्ह स्मिथ यांनी पुढाकार घेतला आणि २०१३ मध्ये दोघांना त्यासाठी टेक्निकल ग्रॅमी मिळालं. चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट आजही तशीच चालते, कॉम्प्युटरच्या जगात हे जवळजवळ अशक्यच. तर मिडीत सगळे सूर एकाच जोराने, समजा १००, वाजले की ऐकणाऱ्याला लगेच कळतं की माणूस नाहीये. सम जरा जोरात, मधल्या मात्रा हलक्या, असं हाताने करा. आणि क्वांटाइझ नावाचं बटण, जे सगळे ठोके रेघेवर आणून बसवतं, ते पूर्ण शंभर टक्के दाबू नका, साठ-सत्तरवर थांबा.

टेक तीनच घ्यायचे. मोजून तीन. तिन्ही ऐकायचे, ओळीओळीने कुठला चांगला ते कागदावर लिहायचं आणि त्यातून एक जोडायचा. चौथ्या टेकपासून गळा बसतो आणि आपण चुका टाळायला गातो, गाणं गात नाही. माझं हे मत पटत नसेल तर तुमचा तिसरा आणि तेरावा टेक कुणालातरी न सांगता ऐकवून बघा.

सूर सुधारायच्या सॉफ्टवेअरचं काय, हा प्रश्न येणारच. ऑटोट्यून १९९७ मध्ये आलं, ज्याने बनवलं तो अँडी हिल्डब्रँड आधी जमिनीखाली तेल शोधण्यासाठी लाटांचं गणित करायचा, तेच गणित गळ्याला लावलं. वापरायला माझी ना नाही. पण एक गंमत लक्षात ठेवा. ही सॉफ्टवेअर मुळात पियानोच्या पट्ट्यांप्रमाणे सूर ओढतात, आणि पियानोचा शुद्ध गंधार हा तंबोऱ्यात ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा १४ सेंटने चढा असतो, सेंट म्हणजे दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. म्हणजे तुम्ही तंबोऱ्यावर अगदी बरोब्बर गंधार लावला असेल तर हे शहाणं यंत्र तो "दुरुस्त" करून बेसूर करतं! मींड असेल तर तिच्या पायऱ्या करतं. म्हणून आपोआप चालणारं ठेवू नका, एखादाच सूर निसटला असेल तर तेवढाच हाताने धरून उचला, बाकी सोडा.

मिक्स, म्हणजे आवरणं

इथे फार वेळ घालवू नका. आवाजाच्या ट्रॅकवर ८० हर्ट्झच्या खालचं कापून टाका, तिथे पंखा आणि पावलं सोडून काही नसतं. मुख्य आवाज मधे, बाकीचे थोडे डावीकडे-उजवीकडे. कुठलाही इफेक्ट लावलात की तो काढून परत ऐका, फरक कळला नाही तर तो नकोच होता. कान थकतात, तासाभराने सगळंच छान वाटायला लागतं, तेव्हा उठा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोनच्या साध्या स्पीकरवर ऐका, कारण निम्मे लोक तसंच ऐकणारेत.

आवाज मोठा करण्याच्या मागे लागू नका. स्ट्रीमिंगवाले सगळी गाणी साधारण एका पातळीवर आणतात, स्पॉटिफाय वजा १४ लफ्स म्हणजे ऐकू येणाऱ्या मोठेपणाच्या मापाने वजा १४ वर आणतं, ॲपल म्युझिक वजा १६ वर. तुम्ही दाबून दाबून वजा ७ केलंत तर ते खाली आणलं जाणार आणि दाबल्यामुळे गेलेला जीव मात्र परत येणार नाही. सगळ्यात उंच टोक वजा १ डेसिबलच्या खाली ठेवा, एमपीथ्री करताना थोडं वर सरकतं म्हणून.

आणि हो, कॉपी. एकदा माझी हार्ड डिस्क बसली आणि एक अख्खं गाणं गेलं, उरला तो एका मैत्रिणीला पाठवलेला कच्चा एमपीथ्री. तेव्हापासून तीन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी, त्यातली एक घराबाहेर म्हणजे क्लाउडवर. फाइलला नाव देताना फायनल हा शब्द वापरायचाच नाही, फायनल, फायनल दोन, खरंच फायनल असं होतं, तारीख टाका.

शिकायला याचा उपयोग

मला विचाराल तर डिजिटलचा सगळ्यात मोठा फायदा रेकॉर्ड करून जगाला ऐकवण्यात नाहीये, स्वतःलाच ऐकवण्यात आहे. रियाज करताना फोन चालू ठेवा, अर्ध्या तासातली शेवटची पाच मिनिटं रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी रियाजाच्या आधी ऐका. त्याच दिवशी ऐकू नका, गातानाची धुंदी उतरलेली नसते. मला पहिल्यांदा कळलं की मी प्रत्येक ओळीच्या शेवटी श्वास संपल्यामुळे सूर खाली सोडते, पाच वर्षं गात होते आणि माहीतच नव्हतं.

अवघड जागा ऐकून उचलायची तर यूट्यूबवर वेग पाऊण किंवा अर्धा करा, सूर तोच राहतो, फक्त ताणलं जातं. टेपचा वेग कमी केला की आवाज खाली घसरायचा, म्हणून जुनी मंडळी एकच तान दहादा मागे नेऊन मूळ वेगातच पकडायची. अर्ध्या वेगात आली की लगेच पूर्ण वेगावर जाऊ नका, पाऊणवर दोन दिवस काढा. आणि आता गाण्यातून आवाज आणि वाद्यं वेगळी काढता येतात, त्यासाठीचं स्प्लीटर २०१९ मध्ये डीझर या स्ट्रीमिंग कंपनीने सगळ्यांसाठी खुलं केलं, डेमक्स आहे, फोनवर तर कितीतरी ॲप आहेत. गायकाचा आवाज काढून मागच्या साथीवर आपण गायचं, किंवा उलट, नुसता आवाज ऐकून तो श्वास कुठे घेतो ते बघायचं. हे दुसरं जास्त शिकवतं. लिहिलेली पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येत असेल तर आयएमएसएलपी या वेबसाइटवर कॉपीराइट संपलेल्या हजारो रचना फुकट आहेत, २००६ पासून.

ऑनलाइन क्लास करत असाल तर एक धडपड सोडून द्या, गुरूंबरोबर एकत्र गाण्याची. साध्या व्हिडिओ कॉलवर ते जमतच नाही, यात कुणाचाही दोष नाही. दोन माणसांना एकत्र वाजवायला साधारण २५-३० मिलिसेकंदांच्या आतला उशीर लागतो, म्हणजे एकमेकांपासून आठ-दहा मीटरवर बसल्यासारखं, व्हिडिओ कॉल त्याच्या कितीतरी पट मागे असतो. त्यांनी गायचं, तुम्ही माइक बंद करून त्यांच्यामागे म्हणायचं, मग तुम्ही एकट्याने म्हणून दाखवायचं. तंबोरा तुमच्याच बाजूला लावा, पलीकडून येणाऱ्यावर विसंबू नका. झूममध्ये ओरिजिनल साउंड नावाचा पर्याय आहे तो चालू करा, नाहीतर ते तंबोऱ्यालाच गोंगाट समजून पुसून टाकतं आणि शिष्य कोरड्या शांततेत सा लावत बसतो, मग गुरू रागावणार नाहीत तर काय. खरंच एकत्र वाजवायचं असेल तर जॅम्युलस, सोनोबस, जॅकट्रिप ही त्यासाठीची सॉफ्टवेअर बघा, पण वायफाय नको, केबल लावा, आणि समोरचा फार लांबच्या देशात असेल तर तरी जमणार नाही, तिथे तारेचं अंतरच आडवं येतं.

२०१० मध्ये संगीतकार एरिक व्हिटेकरने १२ देशांतल्या १८५ आवाजांचा ऑनलाइन कॉयर, म्हणजे समूहगान केलं ते लोकांना अजून थेट वाटतं. तसं नव्हतं, प्रत्येकाने आपापल्या घरी एकट्याने गाऊन व्हिडिओ पाठवला होता आणि नंतर ते सगळे जुळवले. तुम्हालाही हेच करता येतं. चार मित्रांना एकच क्लिकची फाइल पाठवा, सुरुवातीला चार मात्रा मोजून घ्या, सगळ्यांना सांगा की गाण्याआधी त्यातल्या एकाच ठरलेल्या मात्रेवर एक टाळी वाजवा, आणि टाळ्या एकाखाली एक आणल्या की गाणं आपोआप जुळतं. (आणि त्यांनाही सांगा, वायर!)

लोकांपर्यंत

आधी पाच जण. ठरलेल्या तारखेला. त्यांना "कसं वाटलं" विचारू नका, सगळे छान म्हणतात, "कुठे कंटाळा आला" विचारा.

मग मोठ्या प्लॅटफॉर्मवर टाकायचं तर थेट देता येत नाही, मधे डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे गाणं तिथे पोहोचवणारी कंपनी लागते, डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर, सीडी बेबी वगैरे. कुणी वर्षाचे पैसे घेतं, कुणी गाण्यामागे, वर्गणी थांबवली तर गाणं काढून टाकतात का हे आधी वाचा, हा मुद्दा लोक नेमका सोडतात. फाइल वेव्हच द्या, एमपीथ्री नको. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा १२ अक्षरांचा क्रमांक मिळतो, तो लिहून ठेवा, ते गाण्याचं ओळखपत्र आहे. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी सुचवावं लागतं, म्हणून आज अपलोड उद्या रिलीज असं करू नका. पैशाचं स्वप्न थोडं बाजूला ठेवा. तिथे तीस सेकंद ऐकलं तर एक स्ट्रीम मोजतात आणि २०२४ पासून वर्षात किमान १,००० स्ट्रीम झाल्याशिवाय त्या गाण्याचे पैसेच निघत नाहीत. स्ट्रीम विकत देणाऱ्यांच्या नादी तर मुळीच लागू नका, खोटे आकडे पकडले जातात आणि गाणंच उडवतात.

हक्क दोन असतात, एक चालीचा आणि शब्दांचा, दुसरा त्या रेकॉर्डिंगचा. दुसऱ्याचं गाणं तुम्ही स्वतः गायलंत तर रेकॉर्डिंग तुमचं, पण चाल आणि शब्द त्यांचेच, त्यासाठी परवाना लागतो, आणि यूट्यूबवर कंटेंट आयडी नावाची यंत्रणा ते स्वतः ओळखून जाहिरातीचे पैसे मूळ मालकाकडे वळवू शकते. मित्राबरोबर केलं असेल तर कुणाचा किती वाटा ते गाणं बाहेर जायच्या आधी एका मेसेजमध्ये का होईना लिहा. गाणं चालल्यावर हा विषय काढला की मैत्रीच बेसूर होते.

माझ्या पहिल्या गाण्याला पाचपैकी तिघांनी एकच सांगितलं, की सुरुवातीची पेटी संपतच नाही. मोजली तर ४२ सेकंद. म्हणजे तीस सेकंदांचा स्ट्रीम मोजून झाला तरी माझा आवाज आलेलाच नव्हता, आणि मी त्या पेटीवर दोन रविवार घातले होते. कात्री घेतली आणि ११ सेकंदांवर आणली. तिसऱ्या रविवारी संध्याकाळी तीच फाइल पाठवली. उरलेली ३१ सेकंदं एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलीयेत, दुसऱ्या गाण्याच्या मधल्या जागेत बसतात का बघतेय, त्याची तारीखही भिंतीवर लिहून झालीये.